एकट्या उंदराच्या पोटातले जिवाणू का बदलतात?

प्रयोगशाळेत उंदराला पिंजऱ्यात एकटं ठेवलं की त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची रचना बदलू शकते. यावरून ‘एकटेपणाने पोट बिघडतं’ असं थेट म्हणता येईल का? इथे एक अडचण आहे. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. किळसवाणं वाटेल, पण एका पिंजऱ्यातल्या उंदरांचे जिवाणू बरेचसे सारखे होतात ते प्रामुख्याने यामुळेच. एकट्या उंदराचा हा पुरवठाच तुटतो. मग बदल ताणामुळे झाला की सोबत्यांची विष्ठा न मिळाल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड जातं.

ताण आणि जिवाणूंचं नातं मात्र खरं आहे. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की, जन्मापासून जिवाणूच नसलेल्या उंदरांना जखडून ठेवलं तर ताणाची संप्रेरकं जास्त वाढतात.

आणि माणसं? पुण्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या. छप्पर एक, जेवणही साधारण सारखंच, तरी वयानुसार जिवाणूंचं प्रमाण वेगळं निघालं. होंडुरासमधल्या १८ गावांच्या २०२४ च्या अभ्यासात मात्र ज्यांची गावात ऊठबस जास्त, त्यांचे जिवाणू बाकी गावाशी जास्त जुळले. ते जिवाणू आरोग्याला चांगलेच असतात, असा याचा अर्थ नाही.