‘देऊ शकेल’चा कारभार

वाचकहो, जिल्हा पंचायतीच्या सभेचा वृत्तान्त आपण वर्तमानपत्रात वाचता ना? एक सदस्य उठतो, नळाला पाणी नाही म्हणतो. दुसरा मोकाट गुरांचे सांगतो, तिसरा कचऱ्याचे. त्यांच्यामागे गावची माणसे असतात आणि गाऱ्हाणे खरे असते. उत्तर मात्र ठरलेले: ‘संबंधित खात्याला पत्र पाठवू.’

खाजनाचेच घ्या. मानशीची दारे कुजली, बांधाला भगदाड पडले आणि भरतीचे खारे पाणी शेतात शिरले, की त्या हंगामाचे भात तर गेलेच, पुढेही जमीन धड पिकत नाही. भरती दिवसातून दोनदा येते. खात्याचे पत्र कधी येईल याची ती वाट पाहत नाही. सदस्याने ठराव मांडायचा, सभेने तो एकमताने संमत करायचा, आणि बांधाला हात लावायचा की नाही हे पणजीच्या खात्याने ठरवायचे! मग त्या सदस्याला आपण मत दिले ते कशासाठी?

मूळ आहे एका क्रियापदात. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 विषय मोजून दिले. पण अनुच्छेद 243 छ म्हणतो, राज्य विधानमंडळ अधिकार ‘देऊ शकेल’. ‘देईल’ म्हणत नाही. सातवीतले पोरही यातला फरक सांगेल. आमच्या राज्यकर्त्यांना तो फार लवकर उमगला.

आमचा कायदा 1994चा, पहिली निवडणूक 2000 साली. शेजारी वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 साली कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. आम्हाला मुक्त होऊन तेव्हा साडेचार महिनेही झाले नव्हते! तिथल्या परिषदा प्राथमिक शाळा चालवतात, आरोग्य केंद्रे चालवतात. 2022 पासून तिथेही निवडणुका रखडल्या आणि वर्षानुवर्षे प्रशासक बसले, हे लाजिरवाणेच. लपवून काय उपयोग? पण प्रशासकाने चालवावे असे तिथे काही होते तरी.

16 जानेवारी 1967च्या कौलात विलीनीकरणाला 1,38,170 मते पडली, विरुद्ध 1,72,191. ‘महाराष्ट्रातला एक जिल्हा होऊन पडाल’ अशी भीती तेव्हा घातली गेली. त्या एका जिल्ह्याच्या हाती शाळा आणि दवाखाने तरी आले असते. आज आमच्या दोन जिल्हा पंचायती झाल्या, दोन अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या हाती काय, तर पत्रव्यवहार!

तेव्हा पुढच्या सभेआधी आपल्या सदस्याच्या हाती मराठीत लेखी प्रश्न द्या. 1987च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या वापराला वाट ठेवली आहे, हे कुणी नाक मुरडलेच तर दाखवा. विचारा, 29पैकी कोणते विषय सोपवले? त्यांबरोबर माणसे किती दिली, पैसा किती दिला? उत्तर लेखीच मागा, आणि आले तर त्याची एक प्रत या साप्ताहिकाकडे पाठवा. नाही आले, तर प्रश्नाची तारीख कळवा. आम्ही तीच छापू.