बाबांचा गुलाब आणि सिकेटर

शुक्रवारी रात्री डेडलाइन उरकून पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी परभणीत उतरले. घराचं फाटक अर्धंच उघडलं, वर ओढणी अडकली. बाबांच्या गुलाबात!

टपोऱ्या लाल फुलांचं ते कलम बाबांनी लावलेलं. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आता ते खिडकीच्या वर गेलंय. आणि फुलं? बारकी, फिकट, घोसाघोसानं.

"सगळे म्हणायलेत, काढून टाका. मला नाही बघवणार," आई म्हणाली.

शेजारचे काका कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले. त्यांनी बुंध्याशी बसून माती उकरली. "पोरी, हा तुझ्या बाबांचा गुलाब नाहीच. हा खुंट माजलाय."

तर मंडळी, नर्सरीतला गुलाब म्हणजे एकात दोन झाडं. खाली काटक गावठी गुलाबाचा खुंट, वर त्यावर भरलेला आपल्या आवडीचा डोळा. दुर्लक्ष झालं की खुंट जोडाच्या खालून फुटतो आणि वरच्याचं खाणं पळवतो. एका देठावर पाचऐवजी सात पानं, हा ठोकताळा. पण खरी खूण एकच, फुटवा जोडाच्या खालून आलाय का ते बघा.

असे फुटवे नुसते कापले तर परत येतात. म्हणून माती उकरून मुळाशीच ओढून काढले. चार तास गेले, हात ओरबाडले. शेवटी उरली करंगळीएवढी एक फांदी. पण ती बाबांची!

तुमचा गुलाब धडधाकट असेल तर छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढा, चार-पाच जोमदार ठेवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्या, कापावर बोर्डो पेस्ट लावा. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. पारा 42 वर गेलेला असताना, मे महिन्यात, हा प्रयोग नको. आमच्या अशक्त फांदीला मात्र काकांनी सिकेटर लावूच दिला नाही. "हिवाळ्यात हिचे डोळे नव्या खुंटावर भरू."

आता फाटकाजवळ जागा रिकामी. आईला पूजेपुरती फुलं हवीत आणि वाटही मोकळी हवी. नर्सरीत मी इक्झोराच्या प्रेमात पडले. काकांनी आवरलं. त्याला आंबट माती लागते, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत पानं पिवळी पडतात. हवाच तर कुंडीत लाव. मग ठरलं : दोन-तीन फुटांत आटोपणारी अबोली, बुटकी तगर आणि हिवाळ्यात छाटला की आवाक्यात राहणारा मोगरा. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून भरपूर शेणखत घालून जागा थोडी उंच केली. तुम्हीही रोप घेताना पिशवीतली उंची बघून भुलू नका. पूर्ण वाढलं की किती पसरेल, ते विचारा.

रविवारी निघताना फाटक पूर्ण उघडलं.

"डोळे भरायला येशील ना गं?" आईनं विचारलं.

फ्रीलान्सरला सुट्टी कोण देणार? मीच मला दिली. दोन डोळे भरायचेत. एक परभणीसाठी, एक माझ्या पुण्याच्या बाल्कनीसाठी.