नारळ घेणारं गाव आणि मोबाईलवरचं नेतृत्व

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने मुख्याध्यापकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आणि त्यात नेतृत्व व व्यवस्थापन हा विषय नाव घेऊन घातला. हे तास आणायचे कुठून? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, मोबाईलवरून. दीक्षा आहे, स्वयं आहे, दिल्लीच्या नीपामधल्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. रात्री करा, रविवारी करा, अर्धवट सोडून पुन्हा धरा. या सोयीला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. डोंगरातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक आठवडाभर पुण्याला किंवा दिल्लीला गेला, तर मागे पाच वर्ग आणि एक माणूस उरतो. अशा शाळेसाठी घरबसल्या शिकणं हाच काय तो मार्ग.

पण विषय नेतृत्वाचा असला की एक अडचण उभी राहते. गणिताचं नवं तंत्र एकट्याने पडद्यावर पाहून शिकता येतं. माणसं सांभाळायला शिकायचं तर समोर माणसं लागतात. रुसणारी, उशिरा येणारी, बैठकीत गप्प बसून बाहेर बोलणारी. ती व्हिडिओत नसतात.

राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा आराखडा वाचला तर त्यात खोट काढावी असं फारसं नाही. स्वतःचा विकास, अध्यापनात बदल, संघ उभारणं, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी, प्रशासन अशी त्याची क्षेत्रं आहेत. अडचण येते ती शिकणाऱ्याच्या खुर्चीची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तर, आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर. म्हणजे आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण कायद्याच्या भाषेत मुख्याध्यापक नाहीतच. ते प्रभारी आहेत. वर्ग तोच, तास तेच, वर पोषण आहाराची नोंद, यू-डायस, शालार्थ, आणि शाळेच्या किल्ल्या. अशा माणसाला व्हिडिओतला आवाज सांगतो, कामं सहकाऱ्यांत वाटून द्या. कोणत्या सहकाऱ्यांत? समोर एक शिक्षिका आहे, जी दुसऱ्या टोकाचे दोन वर्ग सांभाळते आहे.

तरीही त्याच्याकडे संघ आहेच, फक्त तो पगारपत्रकावर दिसत नाही. शिजवणारी ताई, अंगणवाडी ताई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सरपंच, आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं सांभाळणारी आजी. यांतल्या एकावरही त्याचा हुकूम चालत नाही. आजीला आदेश काढता येत नाही. नेतृत्वाचा खरा धडा इथे सुरू होतो, आणि बहुतेक अभ्यासक्रम इथवर पोचायच्या आत संपतात.

ज्यांच्यावर हुकूम चालत नाही अशा माणसांकडून काम उभं करण्याची विद्या आपल्या बीड जिल्ह्याला नवी नाही, आणि ती बघायची तर नारायणगडाकडे बघावं. 12 ऑक्टोबर 2024 च्या दसरा मेळाव्यानंतर हे नाव राज्यभर पोचलं. त्या मेळाव्याच्या राजकारणात आपल्याला इथे शिरायचं नाही. नगद नारायण महाराजांचा हा गड वारकऱ्यांना धाकटी पंढरी म्हणून कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते इथे येतात. पुढे भगवानगड उभारणारे भगवानबाबा आधी याच गडाच्या परंपरेतले. आणि या गडाचा फिरता नारळी सप्ताह असतो.

सप्ताह संपताना पुढच्या वर्षीच्या यजमान गावाला नारळ दिला जातो. नारळ घेतला की त्या गावाच्या हातात वर्ष असतं आणि डोक्यावर हजारो माणसांची पंगत. वर्गणी घरटी ठरवायची, मंडपाची जागा बघायची, कोणाचं रान मोकळं राहील ते त्याच्याशी बोलून पक्कं करायचं, टँकर, लाकूडफाटा, कीर्तनकारांच्या तारखा, भजनी मंडळींची उतरण्याची सोय. शेजारच्या गावांकडून काय येईल आणि आपण काय करायचं, याचीही बोलणी असतात. यातल्या कोणाचीही नेमणूक झालेली नसते आणि कोणाची बदलीही होत नाही. गावात दोन तट असतील तर ते असतातच, तरी पंगतीला वाढपी दोन्हीकडचे लागतात, आणि ते कसे आणायचे हे गावातल्या चार माणसांना नेमकं माहीत असतं. एकाकडे भाऊबंदांतून जावं लागतं, दुसऱ्याला मान दिला की तो पन्नास पोरं घेऊन येतो.

वीणेचा पहारा बघा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहाटेच्या पहाऱ्याला उभा राहिलेला माणूस पुढचा आल्याशिवाय जागा सोडत नाही, आणि पुढच्यालाही हे माहीत असतं म्हणून तो अंथरुणातून उठतो. आपल्याकडे बदलीच्या वेळी शाळेचा पदभार कसा दिला-घेतला जातो, ते आठवून पाहा. दप्तराची यादी, सह्या, आणि कोणत्या मुलाची आजी आजारी आहे याबद्दल अक्षर नाही.

सप्ताहात शिकण्याचा क्रम उलटा आहे, ही त्यातली मोठी गोष्ट. आधी नारळ, मग शिकणं. काम अंगावर पडलेलं असतं, तारीख ठरलेली असते, आणि ज्यांनी यापूर्वी ते केलं ते विचारायला जवळ असतात. ज्याच्याकडे यंदा पाण्याचं काम आहे त्याने मागच्या सप्ताहात कुठेतरी बादल्या उचललेल्या असतात. ऑनलाइन अभ्यासक्रमात आपण आधी प्रमाणपत्र घेतो आणि नारळ कोणी देतच नाही.

सप्ताहातलं सगळं डोळे मिटून उचलावं असं मात्र मुळीच नाही. भाकरी बायका थापतात आणि मंडळाच्या बैठकीत पुरुष बसतात, हे अजून बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. कोणती घरं पुढे आणि कोणती मागे, तेही पिढ्यांपासून ठरलेलं. शाळेला ही मुभा नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला बंधनकारक केल्या आहेत, आणि त्या महिलांनी सहीपुरतं न येता बोलावं यासाठी बैठक कशी घ्यायची, वेळ कोणती ठेवायची, आधी कोणाला बोलतं करायचं, हे गावाच्या परंपरेतून मिळत नाही. ते शिकावं लागतं, आणि चांगला अभ्यासक्रम ते शिकवू शकतो. तसंच ऊसतोडीच्या मुकादमाचं. टोळी बांधणं, कोयते जमवणं, सहा महिने परक्या मुलखात माणसं धरून ठेवणं हे संघव्यवस्थापनच आहे. पण त्याची दोरी उचलीच्या रकमेत असते. अंगावर पैसे आहेत म्हणून थांबलेल्या माणसांचा संघ कितीही मोठा असला, तरी त्याच्याकडून आपण शिकावं असं त्यात काही नाही.

दूरशिक्षणाचा महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव या बाबतीत उपयोगी पडतो, आणि तो आपण फार लवकर विसरलो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. आपल्यातल्या किती जणांनी तिथून शालेय व्यवस्थापन पदविका केली असेल! डीएसएम म्हटलं की आजही शिक्षकांच्या खोलीत दोन हात वर होतात. ते शिक्षणही सवडीचंच होतं. पुस्तकं घरी यायची, अभ्यास रात्री व्हायचा. पण जवळच्या एखाद्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असायचं, संमंत्रक असायचा, आणि संपर्कसत्राला वेगवेगळ्या तालुक्यांतले शिक्षक एका बाकावर बसायचे. सत्रातल्या व्याख्यानाइतकंच मधल्या चहाला शिकणं व्हायचं, कारण तुमच्या शाळेत हे कसं करता, हा प्रश्न तिथे निघायचा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानेही 1971 मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा रेडिओ-टीव्हीच्या जोडीला गावोगावी शिकवणारे मार्गदर्शक नेमले होते. दूरवरून शिकवणाऱ्यांना पहिल्यापासून हे कळत होतं की पुस्तक पाठवता येतं, सोबत पाठवता येत नाही. ती जिथली तिथे उभी करावी लागते.

मोबाईल आला आणि ही सोबत खर्चिक वाटून गळून गेली. त्याचा परिणाम जगभर मोजला गेला आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेस-व्हालियेंते यांनी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. नोंदणी करणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिकांनी अभ्यासक्रम उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, आणि 2017-18 मध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडे पूर्ण करण्याचं प्रमाण याहून पुष्कळ चांगलं दिसतं, याचा मात्र अभिमान बाळगू नये. आपल्याकडे प्रमाणपत्र वेतनश्रेणीला जोडलेलं असतं. 2022 मध्ये वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण राज्यातल्या सुमारे 94 हजार शिक्षकांसाठी ऑनलाइन झालं, तेव्हा गटांवर काय फिरत होतं ते सगळ्यांना आठवत असेल. एका खिडकीत व्हिडिओ, आवाज बंद, दुसऱ्या खिडकीत यू-डायस. ज्याने हे केलं नाही त्याने आम्हाला जरूर लिहावं, पत्र छापू. आणि शिक्षकांना दोष देऊनही भागणार नाही. ज्या प्रशिक्षणात शेजारी कोणी नाही आणि पुढे करायचं कामही नाही, ते असंच केलं जाणार.

मग करावं काय? आमचं म्हणणं असं आहे की अभ्यासकेंद्र नव्याने शोधायची गरज नाही. ते केंद्रशाळेत आहे. राज्यात 1994 पासून 4860 केंद्रांची रचना आहे, महिन्याची शिक्षण परिषद आहे, केंद्रप्रमुख आहेत. नेतृत्वाचा ऑनलाइन अभ्यासक्रम एकेकट्याने न घेता केंद्रातल्या सगळ्या प्रभारींनी आणि मुख्याध्यापकांनी एकाच वेळी घ्यावा. व्हिडिओ घरी, ज्याच्या त्याच्या सवडीने, बोलणं परिषदेत. आणि सुरुवातीलाच प्रत्येकाने एक नारळ घ्यावा.

गडाच्या परिसरातल्या शाळांना तो कुठला घ्यावा हे सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. कोणती मुलं सोबत जाणार, कोणती आजीकडे राहणार, हंगामी वसतिगृहात संध्याकाळचं जेवण कोण करणार, जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड पडलं का, कारखान्याजवळच्या शाळेला फोन कोणी करायचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढं एक काम धरलं तर संघ उभारणीचा सगळा अभ्यासक्रम त्यात मावतो. वेळापत्रक यालाच धरून लावावं. जून ते सप्टेंबर शिकण्याचे महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा घटक अजिबात नको, तेव्हा गावात फिरायचं असतं. उरलेले घटक थंडीत, आणि झालेल्या चुकांची चर्चा चैत्राच्या सुमारास, टोळ्या परतल्यावर. लवचीक शिक्षण म्हणतात ते आपल्या हंगामाला वाकलं तरच आपल्या कामाचं. रात्री अकरालाही पाहता येतं एवढ्याने ते लवचीक होत नाही.

चुकांच्या चर्चेबद्दल थोडं अधिक. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका कमी असतील असा अंदाज होता. निघालं उलट, चांगल्या चमूंच्या नोंदीत चुका जास्त होत्या. तिथली माणसं त्या न भिता सांगत होती, बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. आता आपली शिक्षण परिषद डोळ्यांसमोर आणा. माझ्या शाळेतली सहा मुलं कार्डाशिवाय गेली, असं कोण उभं राहून सांगेल? सांगितलं तर पुढच्या आठवड्यात खुलासा मागवला जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून परिषदेतल्या या एका तासाचा अहवाल वर जाणार नाही, एवढी हमी केंद्रप्रमुखांनी आधी द्यावी. त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड घटक ठरेल, आणि त्याचा व्हिडिओ कुठेही नाही. वर माहिती कळवण्याची सवय लागलेल्या माणसाला माहिती स्वतःपाशी ठेवायला सांगणं सोपं नसतं.

छत्रपती संभाजीनगरच्या मिपाकडे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेकडे, शालेय नेतृत्वाचं काम आहे. तिने द्विशिक्षकी शाळेचा प्रभारी डोळ्यांपुढे ठेवून मराठीत छोटे घटक करावेत, अशी मागणी आम्ही या अंकातून करतो. दहा-बारा मिनिटांचे, कमी नेटवर चालणारे, एकदा उतरवून घेतले की पुन्हा नेट न मागणारे. पण ते तयार होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. जे आहे ते घेऊन जूनमध्ये सुरुवात करता येते.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो परिषदेतला एक तास, आणि तोच मिळणं कठीण आहे, कारण परिषदेचा बराचसा वेळ माहिती गोळा करण्यात आणि सूचना वाचून दाखवण्यात जातो. या सूचना आदल्या रात्रीच सगळ्यांच्या मोबाईलवर आलेल्या असतात. परिषदेतून नेमकं काय गाळलं तर तासभर सुटेल, ते केंद्रप्रमुखांनी आम्हाला कळवावं. शिक्षकांनी कळवलं तरी चालेल, त्यांची यादी बहुधा लांब असेल. पुढच्या अंकात दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापू.