लाईट बिलात लाईट किती?

आपल्याकडे बोलताना विजेला वीज कोणी म्हणत नाही. लाईट गेली, लाईट आली, लाईट बिल आलं. सुप्यात म्हणा की पारनेरला म्हणा, बोली हीच. घरात वीज पहिल्यांदा आली तेव्हा तिचं काम दिवा लावण्यापुरतंच होतं, त्यामुळे हा शब्द पडला आणि टिकला. पण या एका शब्दाने आपली चांगलीच फसगत केली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बिल जास्त आलं की घरात पहिला हुकूम सुटतो, "लाईटी बंद करा रे!" मग कोणीतरी उठून ओट्यावरचा बल्ब मालवतो, आणि मोरीत गिझर चालूच असतो.

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. ट्रान्सफॉर्मरचे लॉसेस काढतो, व्हायवाला पॉवर फॅक्टरची व्याख्या घडाघडा म्हणतो. पण घरी महिन्याला किती युनिट पडतात हे वर्गात विचारलं तर किती हात वर होतील? म्हणून थोडी आकडेमोड करू.

9 वॅटचा एलईडी बल्ब रोज 5 तास लावला तर महिन्याला 1.35 युनिट होतात. संपले! जानेवारी 2015 मध्ये 'उजाला' योजना आली, घराघरांतले 60 वॅटचे पिवळे बल्ब गेले, आणि दिव्यांमधली बचत बहुतेक तेव्हाच उरकली. आता पाणी घ्या. एका बादलीत 18 लिटर पाणी धरू. हिवाळ्यातलं 20 अंशाचं पाणी 42 अंशांवर न्यायचं. बारावीचंच सूत्र लावा, उत्तर येतं साधारण 0.46 युनिट. म्हणजे महिनाभर जळणारा बल्ब आणि तीन बादल्या गरम पाणी यांचा खर्च सारखाच! घरात चार माणसं रोज एकेक बादली घेत असतील तर महिन्याला 55 युनिट नुसते अंघोळीचे. गिझरच्या टाकीतून निसटणारी उष्णता यात धरलेलीच नाही. सुपा पठारावरचं गाव, डिसेंबर-जानेवारीत पहाटे काय थंडी असते ते आमच्याकडे येऊन बघा. गार पाण्याने अंघोळ करा असा उपदेश मी कोणाला करणार नाही.

यावर घरातली जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी बंब होता, धसकटं आणि तुरीच्या काड्यांवर पाणी तापायचं, बिल शून्य. खरं आहे. पण तो बंब पहाटे पेटवायला कोण उठायचं आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जायचा? आईचे कष्ट हिशोबात न धरता काढलेली बचत मला मान्य नाही. स्वतःचं छप्पर असेल तर सोलर हीटर लावावा. नाहीतर गिझर अंघोळीच्या आधी जरुरीपुरता लावून बंद करावा आणि सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात.

दुसरा नंबर पंख्याचा. जुना छताचा पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर फरक महिन्याला 16 युनिटांचा. घरात असे दोन पंखे असतील तर 32. अंघोळीच्या पाण्याइतका मोठा आकडा नाही, पण पंखा एकदा बदलला की रोज कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, हा त्यातला मोठा गुण.

पण युनिट वाचले म्हणजे पैसे किती वाचले? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत. 2024-25 च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11 रुपये 46 पैसे आणि 301 ते 500 ला 15 रुपये 72 पैसे असा दर होता. दर पुढे बदलत राहतात, तेव्हा ताज्या बिलावरचे आकडे घालून आपलं गणित आपण करावं. 100 ओलांडले की सगळ्याच युनिटांना जास्त दर लागतो असा एक समज आहे, तो चुकीचा. जास्त दर वरच्या युनिटांनाच लागतो. आता 160 युनिट वापरणारं घर घ्या. वरच्या दराने पहिल्या 100 युनिटांचे 588 रुपये आणि नंतरच्या 60 युनिटांचे 687! शेवटचे 60 पहिल्या 100 पेक्षा महाग. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे हे 60 वाचले तर जवळजवळ 800 रुपये महिन्याला हातात. आणि बचत होते ती याच महागड्या टोकाची, स्वस्तातल्या 100 ची नाही.

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. त्या बघून पाहुणे विचारतात, "एवढी वीज दारात तयार होते, मग तुम्हाला फुकट का नाही?" ती ग्रिडमध्ये जाते हो, आमचं मीटर आपलं वेगळंच पळतं!

मीटर पळायचं थांबवतो म्हणून बाजारात एक डबी मिळते. सॉकेटमध्ये खोचा, बिल निम्मं. आत असतो एक कपॅसिटर आणि एक दिवा. ही डबी कोणाच्या घरी दिसली तर इलेक्ट्रिकलच्या मुलांनी तिथेच हरकत घेतली पाहिजे. घरगुती बिल किलोवॅट-अवरवर निघतं, कपॅसिटरने ते कमी होत नाही. एमआयडीसीतल्या उच्चदाब कारखान्याची गोष्ट वेगळी. एप्रिल 2020 पासून त्यांचं बिल केव्हीएएचवर निघतं, तिथे कपॅसिटर बँकेने खरोखर पैसे वाचतात. कारखान्याचं औषध घराला लागू पडत नाही.

असो. इथपर्यंतचं सगळं स्वतःचं मीटर असणाऱ्यांसाठी झालं. मला जास्त बोचतं ते पुढचं. सुपा, हंगा, वाघुंडे या भागात एमआयडीसीतल्या कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मालकाचं मीटर एक आणि त्यावर सहा खोल्या, ही नेहमीची तऱ्हा. समजा प्रत्येक खोलीचा वापर 60 युनिट आणि मालकाच्या घराचा 140. बेरीज 500. टप्पे खोलीवार पडत नाहीत, मीटरवार पडतात. त्याच दराने 500 युनिटांचे 6024 रुपये, म्हणजे युनिटला सरासरी 12 रुपये. एका खोलीला पडले 723. तेच 60 युनिट स्वतःच्या मीटरवर असते तर 353. शे-सव्वाशेचा स्थिर आकार मिळवला तरी खोलीमागे दोनशेवर रुपये वाचतात. यात मालकाने एक पैसाही वर लावलेला नाही बरं का! तो प्रामाणिक असूनही गरीब माणूस श्रीमंताच्या टप्प्यात जातो. जिथे महिन्याला डोक्यामागे सरसकट रक्कम ठरलेली असते, तिथे तर पंखा बंद करूनही काही पदरात पडत नाही.

वीज कायदा 2003 चं कलम 43 सांगतं की जागेचा मालक किंवा भोगवटादार, कोणीही अर्ज केला तरी वीज द्यायची. भाडेकरू हा भोगवटादारच. मालकांना भीती वाटते की मीटर भाडेकरूच्या नावावर गेलं की उद्या तो खोलीवर हक्क सांगेल. म्हणून ते संमतीची सही देत नाहीत. ही भीती भाडेकराराचा कागद नीट करून घालवता येते. त्यासाठी कामगाराने आयुष्यभर दुप्पट दर भरावा हे काही बरोबर नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरच्या अशा खोल्या असतील तर सुट्टीत हे गणित घरी मांडून बघा. सोपं नाही, कल्पना आहे मला.

आणि हॉस्टेलवर तरी वेगळं काय आहे? वर्षाची फी एकदा भरली की विजेचा हिशोब कोणाला दिसत नाही. मग बादलीत कॉईल पडते, रेक्टर सर आले की ती गादीखाली जाते, आणि सुट्टीला जाताना पंखा तसाच फिरत राहतो. नियमाची पाटी दारावर आहेच. तिच्या शेजारी आकडा लागला तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं. प्रत्येक मजल्यासाठी एक एनर्जी मीटर बसवावं, जोडणी विभागातल्या सरांच्या देखरेखीखाली तिसऱ्या वर्षाची मुलं करतील, आणि दर रविवारी मजल्यावार रीडिंग मेसच्या फळ्यावर, भाजीच्या नावाखाली लिहावं. एवढी परवानगी रेक्टर सरांनी द्यावी ही विनंती.