काजवे बघा, पण दिवे मालवून

मंडळी, ट्रेकिंगची आणि फोटोंची हौस मलाही आहे. सत्तरी ओलांडली तरी कॅमेरा सुटलेला नाही, म्हणूनच हक्काने लिहितो. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, राजमाचीकडे काजवे बघायला जी झुंबड उडते, तिला निसर्गप्रेम म्हणायला मी तयार नाही.

काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे आपल्यासाठी केलेली रोषणाई नव्हे. ती नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते. पंख फुटलेला काजवा जेमतेम काही आठवडे जगतो. तेवढ्यात जोडी जमली नाही तर पुढची पिढी नाही. एवढे पाचवीच्या पोरालाही कळते. आणि आपण तिथे गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या रोखतो! बरे, फ्लॅश मारून काजव्यांचा उजेड फोटोत येतच नाही. त्याला ट्रायपॉड, मिट्ट काळोख आणि धीर लागतो.

‘पण गावकऱ्यांना चार पैसे मिळतात ना?’ जरूर मिळावेत. मग गाडी गावातच ठेवा, गावातला वाटाड्या घ्या, पायवाट सोडू नका. काजव्यांची अंडी आणि अळ्या मातीत, पाचोळ्यातच असतात. काजवेच उरले नाहीत, तर त्या गावात जाणार कोण?