पाया खोदताना खडक लागला तर?

मैत्रिणींनो, घराला एक खोली वाढवायची ठरली, की आपलं मन आधी ओटा कुठं, खिडकी कुठं यातच गुंततं. पण औंधसारख्या गावी बराच पैसा जातो तो जमिनीखाली. यमाईच्या डोंगराच्या कुशीतलं हे गाव. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा काळा फत्तर इथं पायाखाली. वर थोडी माती, मग मुरूम, आणि एकदम पहार टणकन् उडते! घरधनी मुंबई-पुण्याला नोकरीत असले, तर कामावर उभं राहायचं ते तुम्हीच. तेव्हा चार गोष्टी ध्यानात असू द्या.

पहिली गोष्ट सौद्याची. खोदाईचा भाव मुरमाला वेगळा, खडकाला वेगळा. दोन्ही आधीच कागदावर घ्यावेत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चर ४० फूट लांब, अडीच फूट रुंद, ३ फूट खोल असेल, तर झाले ३ ब्रास. त्यात मुरूम किती, खडक किती, हे चर उघडा असतानाच टेप लावून टिपून ठेवा. निघालेला दगड आपलाच, हेही बोलून घ्या. जोत्याला तो कामी येतो.

दुसरी, सुरुंगाला साफ नकार द्या. विनापरवाना सुरुंग हा गुन्हा आहेच, शिवाय दगडमातीच्या जुन्या भिंती त्या हादऱ्यानं तडकतात, शेजाऱ्यांच्यासुद्धा! त्यापेक्षा ओळीनं भोकं पाडून पाचरी ठोकाव्यात. भोकात भरून फुगणारी पावडरही मिळते. ती आवाज न करता खडक फोडते.

तिसरी, जुन्या भिंतीला जपा. तिच्या पायापेक्षा खोल चर लगतच सलग खोदू देऊ नका. तीन-चार फुटांचा एक टप्पा खोदून बांधून घ्यावा, मगच पुढचा. नवी भिंत जुनीला जोडायची की सांधा मोकळा ठेवायचा, हे इंजिनिअरला विचारा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला, हे विसरू नये.

चौथी, खडक लागला म्हणून लगेच हुश्श करू नका. तो अखंड आहे की मातीत रुतलेला सुटा धोंडा, हे आजूबाजूला उकरून पाहायला लावा. पाया अर्धा खडकावर नि अर्धा मातीवर राहिला, तर मातीकडची बाजू खचते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. माती काढून सगळीकडे घट्ट थराला जा. खडक उतरता असेल, तर पायऱ्या पाडून तो सपाट करून घ्या.

आणि हो, रात्री चरावर पत्रे टाकायला सांगा. घरात लेकरं असतात, दारात गुरं.

रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो, पाया नाही. तेव्हा "बाईमाणसाला यातलं काय कळतं," असं कुणी म्हणालं, तरी काँक्रीट पडण्यापूर्वी चरात एकदा स्वतः उतरून बघाच!