चोरीला गेलेली इमारत

इमारत चोरीला जाते? न्यूयॉर्कमध्ये गेली! १८४९ मध्ये जेम्स बोगार्डसने लेंग स्टोअर्सचा दर्शनी भाग बिडाचे सुटे भाग बोल्टने जोडून उभा केला. हो, आपल्या डोशाच्या तव्याचं बीड! १९७१ मध्ये तो पुन्हा उभारायचा म्हणून जपून उतरवला, मोकळ्या जागेत ठेवला. १९७४ मध्ये चोरांनी त्यातला बराचसा भंगारात विकला. १९७७ पर्यंत उरलेलाही गायब!

हसू नका. आपल्या काळा घोड्याचं वॉटसन हॉटेलही असंच, इंग्लंडहून आलेल्या लोखंडी सांगाड्याचं. १८९६ मध्ये भारतात पहिला सिनेमा इथेच दिसला. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. ‘हेरिटेज’ म्हटलं की वारसा वाचत नाही. त्याला रोजची राखण आणि वेळेवर डागडुजी लागते. ती मागायला आपण कधी शिकणार?